ड्रमवर कोणता धोका छापायचा? छोट्या कारखान्यासाठी रसायन वर्गीकरणाची कृती

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत थिनर, डिग्रीझर, साखर कारखान्याच्या इव्हॅपोरेटर बॉडी (रस आटवायची भांडी) साफ करायचं केमिकल असा माल बनवणाऱ्या युनिटला कधी ना कधी मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल येतो: जीएचएसप्रमाणे एसडीएस पाठवा. जीएचएस म्हणजे रसायनांचे धोके ठरवून लेबलवर मांडायची जागतिक पद्धत, आणि एसडीएस (जुनं नाव एमएसडीएस) म्हणजे मालाच्या सुरक्षिततेचं माहितीपत्रक. बहुतेक जण मिळत्याजुळत्या मालाची एमएसडीएस नेटवरून उतरवतात, नाव बदलतात आणि पाठवून देतात. कागदावरचा माल एक, ड्रममधला दुसरा. खरं तर तुमच्या मालाचं वर्गीकरण करायला घटकांची टक्केवारी, प्रत्येक घटकाची विश्वासार्ह माहिती आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं बहुतेक वेळा पुरतं. प्रयोगशाळेचा खर्च एखाद-दुसऱ्या चाचणीपुरताच येतो.

जीएचएस ही संयुक्त राष्ट्रांची पद्धत २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. तिच्यात धोक्यांचे तीन गट आहेत: भौतिक (आग, स्फोट, धातू खाणं), आरोग्याचे आणि पर्यावरणाचे. प्रत्येक धोक्यात कॅटेगरी असतात आणि कॅटेगरी १ सर्वांत वाईट. टँकवर दिसणारा चार रंगांचा अमेरिकन चौकोन बरोबर उलट चालतो, तिथे ४ सर्वांत वाईट. हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी छापले की वाचणारा हमखास फसतो. दुसरी गोष्ट, वर्गीकरण मालाच्या स्वभावाचं असतं. ड्रम बंद असतो, कामगार हातमोजे घालतात, म्हणून कॅटेगरी खाली येत नाही. तो हिशेब नंतरचा.

आधी माल ओळखा

फॉर्म्युल्याचा कागद काढा आणि प्रत्येक घटकापुढे कॅस नंबर (रसायनाचा जगभर एकच असलेला ओळखक्रमांक) लिहा. व्यापारी नावावर जाऊ नका; ‘एनसी थिनर’ किंवा ‘स्पेशल सॉल्व्हंट’ या नावाखाली दर महिन्याला वेगळा माल येऊ शकतो. नंबर बरोबर उतरलाय का हे पाहायची सोय त्याच्यातच आहे. टोल्यूइनचा नंबर १०८-८८-३. शेवटचा ३ हा तपासणीचा अंक. तो सोडून उरलेले अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा: ८×१ + ८×२ + ८×३ + ०×४ + १×५ = ५३. शेवटचा अंक ३ आला, नंबर बरोबर. सप्लायरच्या कागदावरचा नंबर या तपासणीत नापास झाला, तर त्या कागदावरचे बाकीचे आकडेही संशयाने वाचा.

टक्केवारी वजनाची हवी. वायू सोडले तर जीएचएसच्या मर्यादा वजनाच्या टक्क्यांत आहेत, आणि शेडमध्ये मिश्रण लिटरने होतं. ५० लिटर टोल्यूइन, ३० लिटर अ‍ॅसिटोन, २० लिटर मिथेनॉल घेतलं तर घनतेने गुणून (०.८७, ०.७९, ०.७९) वजनाची टक्केवारी साधारण ५२, २९ आणि १९ अशी येते. इथे फरक किरकोळ आहे, पण मर्यादेच्या काठावरच्या घटकाला तो पुरेसा ठरतो.

मग अशुद्धी. हा भाग सर्वांत जास्त टाळला जातो आणि सर्वांत महाग पडतो. स्वस्त रिकव्हर्ड टोल्यूइनमध्ये बेंझीन ०.३ टक्के असेल आणि तुमच्या थिनरमध्ये ते टोल्यूइन निम्मं असेल, तर मालात बेंझीन ०.१५ टक्के झालं. कॅटेगरी १ च्या कर्करोगकारक घटकाची मर्यादा ०.१ टक्के आहे. म्हणजे फॉर्म्युल्यात नाव नसलेल्या घटकामुळे अख्खा माल कर्करोगकारक वर्गात गेला. सप्लायरकडून बॅचच्या तपासणी अहवालात बेंझीनचा आकडा लेखी मागा. ‘टोल्यूइन ९९ टक्के’ एवढ्यावर थांबू नका, प्रश्न उरलेल्या एका टक्क्याचा आहे.

माहिती कुठून घ्यायची

सप्लायरची एसडीएस हा दावा समजा, पुरावा नव्हे. विभाग २ मध्ये त्याने लावलेले वर्ग विभाग ९ (भौतिक गुणधर्म), ११ (विषारीपणा) आणि १२ (पर्यावरण) मधल्या आकड्यांशी जुळतात का ते बघा. विभाग ११ मध्ये एलडी५० (चाचणीतले निम्मे प्राणी मारणारा डोस) १५० आणि विभाग २ मध्ये ‘धोकादायक नाही’ असं लिहिलेली एसडीएस दिसली, तर ती कोणीतरी चिकटवलेली आहे. मग युरोपियन रसायन संस्थेची खुली यादी आणि पबकेम (रसायनांचा खुला माहितीसाठा) उघडून प्रत्येक घटक पडताळा; कर्करोगासाठी आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे गट बघा. युरोपची यादी आपल्याकडे कायदा नाही, पण घटकनिहाय वर्ग आणि खास मर्यादा इतक्या नीट मांडलेली दुसरी जागा शोधायला वेळ घालवू नये.

एका घटकाचे दोन ठिकाणी दोन आकडे मिळाले तर सरासरी काढू नका. प्राणी कोणता, मार्ग कोणता, किती तासांचा संपर्क, शुद्ध पदार्थ होता की द्रावण, हे पाहून योग्य तो घ्या. पारडं समान राहिलं तर कडक आकडा घ्या.

‘माहिती उपलब्ध नाही’ आणि ‘निकषात बसत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिलं लिहायची जागा असेल तिथे दुसरं लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाला खोटं सांगणं.

भौतिक धोके

ज्वलनशील द्रवासाठी दोन आकडे लागतात, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते) आणि उकळायला सुरुवात होते ते तापमान. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि उकळबिंदू ३५ किंवा खाली असेल तर कॅटेगरी १. फ्लॅश २३ च्या खाली, पण उकळबिंदू ३५ च्या वर असेल तर २. फ्लॅश २३ ते ६० असेल तर ३, आणि ६० च्या वर ९३ पर्यंत ४.

आकडा बंद कपाचाच घ्या (एबेल किंवा पेन्स्की-मार्टेन्स). उघड्या कपात वाफ निसटते, आकडा वर जातो आणि माल कागदावर सुरक्षित होतो. टेस्टिंग लॅबला नमुना देताना ‘क्लोज्ड कप’ असं लेखी सांगा. मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट घटकांच्या सरासरीने काढता येत नाही; थोडासा हलका सॉल्व्हंट तो एकदम खाली ओढतो. वरच्या टोल्यूइन-अ‍ॅसिटोन-मिथेनॉलच्या थिनरला चाचणीची गरज नाही. टोल्यूइन ४, मिथेनॉल ११, अ‍ॅसिटोन उणे २० च्या आसपास, सगळेच २३ च्या खाली. सर्वांत आधी उकळणारं अ‍ॅसिटोनही ५६ अंशांना. कॅटेगरी २, विषय संपला. एमटीओवर (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) केलेल्या डिग्रीझरला मात्र चाचणी हवीच.

कॅटेगरी ३ म्हणजे ‘जरा कमी’ असं वाटतं. एमटीओचा फ्लॅश ४० च्या आसपास असतो, आणि एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पत्र्याच्या शेडमध्ये ड्रमचं तापमान तिथपर्यंत सहज जातं. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलचंही तेच. वीस टक्के इथेनॉलच्या द्रावणाचा फ्लॅश ३६ अंशांच्या जवळ आहे. डिस्टिलरीच्या बाजूला ‘पाणीच जास्त आहे की’ म्हणून ते सोडून देऊ नये.

धातू खाण्याचा निकष: ५५ अंशांना पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजलं पाहिजे. दोन्हींपैकी एक धातू पुरे. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) पोलादी ड्रममध्ये शांत बसतं, पण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ओतलं की हायड्रोजन सुटतो. फक्त पोलादावर चाचणी करून ‘लागू नाही’ लिहिणाऱ्यांची इथे फसगत होते.

एकदाच्या संपर्काचा विषारीपणा: हिशेब

तोंडावाटे एलडी५० (शरीराच्या प्रतिकिलो मिलिग्रॅम) ५ पर्यंत कॅटेगरी १, ५० पर्यंत २, ३०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४. त्वचेवाटे हेच टप्पे ५०, २००, १०००, २००० असे आहेत. श्वासावाटे वाफेसाठी चार तासांचा एलसी५० (निम्मे प्राणी मारणारं हवेतलं किंवा पाण्यातलं प्रमाण) लिटरला ०.५, २, १०, २० मिलिग्रॅम. धूळ किंवा फवाऱ्यासाठी ०.०५, ०.५, १ आणि ५.

श्वासाच्या आकड्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) असतो. वाफेसाठी पीपीएमला रेणुभाराने गुणून २४,४५० ने भागा: टोल्यूइनचे १००० पीपीएम म्हणजे लिटरला ३.७७ मिलिग्रॅम. दोन, चाचणी चारऐवजी एक तासाची असते. वायू आणि वाफेचा आकडा तेव्हा २ ने भागायचा, धूळ-फवाऱ्याचा ४ ने. हे विसरलं की माल एक कॅटेगरी सौम्य दिसतो.

मिश्रणासाठी सूत्र असं: प्रत्येक विषारी घटकाची टक्केवारी भागिले त्याचा आकडा, त्यांची बेरीज, आणि १०० ला त्या बेरजेने भाग. आकडा नसेल, फक्त कॅटेगरी माहीत असेल, तर ठरवून दिलेले आकडे घ्यायचे. तोंडावाटे कॅटेगरी ३ ला १०० आणि ४ ला ५००. त्वचेवाटे कॅटेगरी ३ ला ३००. वाफेला कॅटेगरी ३ साठी ३.

आता टोल्यूइन ५०, अ‍ॅसिटोन ३०, मिथेनॉल २० टक्के (वजनाने) असं थिनर घ्या. टोल्यूइन आणि अ‍ॅसिटोनचे तोंडावाटे एलडी५० पाच हजारांच्या वर, ते हिशेबातून बाहेर. उरलं मिथेनॉल. उंदरांवरचा त्याचा एलडी५०ही पाच हजारांच्या वर आहे, आणि तोच उचलला तर थिनर ‘विषारी नाही’ ठरतं. उंदराचं शरीर मिथेनॉलपासून होणारं फॉर्मिक आम्ल झपाट्याने निकाली काढतं. माणसाच्या शरीरात ते साठतं आणि डोळ्याची नस जाते. माणसांवरचा पुरावा असेल तर तो प्राण्यांच्या आकड्याच्या वर बसतो, म्हणून मिथेनॉल तिन्ही मार्गांनी कॅटेगरी ३ आहे.

तोंडावाटे: १०० ÷ (२०÷१००) = ५००, कॅटेगरी ४. त्वचेवाटे: १०० ÷ (२०÷३००) = १५००, कॅटेगरी ४. वाफ: १०० ÷ (२०÷३) = १५, कॅटेगरी ४. हा हिशेब कागदावर तसाच ठेवा; तपासणारा आधी हाच मागतो.

एखाद्या घटकाची माहितीच नसेल आणि तो एक टक्का किंवा जास्त असेल, तर ‘मिश्रणातील इतके टक्के घटकांचा विषारीपणा अज्ञात’ असं लेबलवर लिहावं लागतं. असे घटक मिळून दहा टक्क्यांच्या वर गेले, तर सूत्रात १०० च्या जागी १०० वजा अज्ञात टक्केवारी येते.

कातडी आणि डोळे

सर्वसाधारण नियम बेरजेचा आहे. कातडी जाळणारे घटक मिळून ५ टक्के किंवा जास्त असतील तर मिश्रणही जाळणारं. १ ते ५ टक्क्यांत चुरचुर करणारं. कातडी चुरचुरवणारे घटक १० टक्के झाले तरी कॅटेगरी २. डोळ्यांना कायमची इजा करणारे आणि कातडी जाळणारे मिळून ३ टक्के झाले की डोळ्यांसाठी कॅटेगरी १.

तीव्र आम्ल-अल्कलीला ही बेरीज चालत नाही. पीएच २ किंवा खाली, नाहीतर ११.५ किंवा वर असेल, तर असा घटक १ टक्का असला तरी मिश्रण जाळणारं धरायचं. दीड टक्का कॉस्टिकचा फ्लोअर क्लीनर घ्या: पीएच साडेतेराच्या आसपास, नियमाने कॅटेगरी १. युरोपच्या यादीत सोडियम हायड्रॉक्साइडला मात्र खास मर्यादा आहेत: ०.५ ते २ टक्के चुरचुर करणारं, २ पासून जाळणारं, ५ पासून सर्वांत कडक १ए. त्यामुळे हाच क्लीनर तिथे कॅटेगरी २ मध्ये जातो. निर्यात नसेल आणि गिऱ्हाइकाने काही ठरवून दिलं नसेल तर कडक बाजू घ्या. बॉडी उकळायचं २० टक्के कॉस्टिक दोन्हीकडे १ए आहे, तिथे वाद नाही.

नुसत्या पीएचवर भिस्त ठेवली तर उलटीही चूक होते. तासगाव भागात बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायला पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल वापरतात. त्या पाण्याचा पीएच अकराच्या वर जातो, पण पोटॅशियम कार्बोनेटवर चाचण्यांची माहिती आहे आणि त्यानुसार ते कातडी-डोळ्यांना चुरचुर करणाऱ्या वर्गात बसतं, जाळणाऱ्या नव्हे. चाचणीचा पुरावा असेल तर पीएचचा आडाखा मागे पडतो.

आपल्या थिनरमध्ये टोल्यूइन (कातडी, कॅटेगरी २) ५० टक्के आणि अ‍ॅसिटोन (डोळे, कॅटेगरी २) ३० टक्के. दोन्ही १० च्या वर, दोन्ही वर्ग लागू.

उशिरा दिसणारे धोके

इथे सूत्र नाही. घटक मर्यादेवर गेला की त्याचा वर्ग मिश्रणाला लागतो. कर्करोग आणि जनुकीय बदल, कॅटेगरी १: ०.१ टक्के. जनुकीय बदल कॅटेगरी २: १ टक्का. प्रजनन, युरोपच्या रीतीने: कॅटेगरी १ ला ०.३, कॅटेगरी २ ला ३ टक्के. ठरावीक अवयवावर परिणाम: कॅटेगरी १ चा घटक १० टक्के असेल तर मिश्रण कॅटेगरी १, १ ते १० मध्ये कॅटेगरी २. गुंगी आणि श्वासनलिकेची जळजळ (कॅटेगरी ३) साधारण २० टक्क्यांपासून.

थिनरवर हे लावा. टोल्यूइनमुळे गर्भाला धोका (कॅटेगरी २) आणि वारंवार संपर्काने अवयवांना इजा (कॅटेगरी २). मिथेनॉल २० टक्के, म्हणजे एका संपर्कात डोळ्यांना इजा, कॅटेगरी १. टोल्यूइन आणि अ‍ॅसिटोन मिळून ८० टक्के, म्हणून गुंगी. शिवाय टोल्यूइन गिळलं तर फुप्फुसात उतरणाऱ्या द्रवांत मोडतं: असा घटक १० टक्के आणि ४० अंशांना मिश्रणाचा घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) २०.५ चौ.मिमी प्रतिसेकंद किंवा खाली असला की हा वर्ग लागतो. थिनर त्याहून कितीतरी पातळ असतं. पोटात गेल्यावर उलटी करवू नये, हे वाक्य लेबलवर या वर्गामुळे येतं.

फॉर्मेलिनचं उदाहरण ऑफिसात टांगून ठेवावं असं आहे. ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन कातडी जाळतं, अ‍ॅलर्जी आणतं आणि कर्करोगकारक आहे. आयएआरसीने फॉर्माल्डिहाइड गट १ मध्ये ठेवलंय. पोल्ट्री शेड किंवा मिल हाऊस फवारायला २ लिटर फॉर्मेलिन १०० लिटर पाण्यात घातलं की फॉर्माल्डिहाइड सुमारे पाऊण टक्का उरतं. युरोपच्या मर्यादांनी पाहिलं तर जाळणारा वर्ग (२५ टक्के) गेला, चुरचुरीचा (५ टक्के) गेला. अ‍ॅलर्जीची मर्यादा ०.२ टक्के आणि कर्करोगाची ०.१, ते दोन्ही वर्ग तसेच राहिले. ‘पातळ केलंय, आता काही नाही’ हे हाताला झोंबण्यापुरतंच खरं.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोल (रसातल्या साखरेचं प्रमाण) काढताना रस निवळायला वापरलं जाणारं लेड सबअ‍ॅसिटेटही असंच. पावडर हाताला काही करत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. प्रजननाच्या वर्गात ते १ए आहे, म्हणजे पुरावा माणसांवरचा.

पाणी

माशांवरचा ९६ तासांचा एलसी५० लिटरला १ मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर तीव्र कॅटेगरी १, १० पर्यंत २, १०० पर्यंत ३. डॅफ्नियाची (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) ४८ तासांची आणि शेवाळाची चाचणीही बघून सर्वांत कमी आकडा घ्यायचा. अतिविषारी घटकाला एम-गुणक लागतो, म्हणजे त्याची टक्केवारी तितक्या पटीने मोजतात, त्यामुळे अर्धा टक्का बायोसाइडही मिश्रणाला वर नेऊ शकतं. नाल्यातून कृष्णेत जाऊ शकणाऱ्या मालाला हा विभाग रिकामा सोडू नका.

लेबल, नोंद आणि आपला कायदा

थिनरचा निकाल, जीएचएसच्या धोक्याच्या वाक्यांच्या क्रमांकांत, असा: एच२२५, एच३०२+३१२+३३२, एच३०४, एच३१५, एच३१९, एच३३६, एच३६१, एच३७०, एच३७३. चिन्हं तीन: ज्वाला, छातीवर चांदणीसारखी खूण असलेला माणूस आणि उद्गारचिन्ह. इशाऱ्याचा शब्द ‘धोका’. तो लागला की ‘सावधान’ वेगळा छापायचा नाही. कवटी लागली असती तर उद्गारचिन्ह गाळलं असतं.

वाहतुकीचा स्टिकर वेगळा. टोल्यूइनच्या टँकरवर यूएन १२९४ आणि वर्ग ३ दिसतो, म्हणजे फक्त आग. गर्भ, नसा, डोळे यांचा त्यात उल्लेखही नसतो. स्टिकर पाहून एसडीएसचा विभाग २ भरणारे निम्मा धोका गाळतात.

धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण व आयात यासंबंधीच्या १९८९ च्या नियमांत आपल्याकडचे निकष आहेत आणि ते जीएचएसशी तंतोतंत जुळत नाहीत. तिथे तोंडावाटे ‘विषारी’ची वरची मर्यादा २०० आहे, जीएचएसच्या कॅटेगरी ३ ची ३००. एलडी५० २५० असलेला पदार्थ एकीकडे बसतो, दुसरीकडे नाही. म्हणून नोंदवहीत दोन स्वतंत्र रकाने ठेवा. एसडीएसचा नमुना त्याच नियमांच्या परिशिष्ट ९ मध्ये आहे. निर्यातीचं गिऱ्हाईक मात्र सोळा विभागांचीच मागतं.

प्रत्येक मालाच्या नोंदीत घटक, कॅस नंबर, टक्केवारीची कमाल बाजू (२५ ते ३० टक्के असेल तर हिशेब ३० ने), आकडा, तो कुठून घेतला, तारीख आणि निघालेला वर्ग असावा. सप्लायर बदलला, फॉर्म्युला बदलला किंवा घटकाची नवी माहिती आली की हिशेब पुन्हा. दिवाळीआधी टोल्यूइन महागलं म्हणून पर्चेसने दुसरा सॉल्व्हंट घेतला आणि ही नोंदवही उघडलीच नाही, असं व्हायला नको असेल तर पर्चेस ऑर्डरवर ‘वर्गीकरण तपासलं’ असा एक रकाना छापून घ्या.

एक गोष्ट या सगळ्यातून सुटते: दोन माल एकत्र आले तर काय. सल्फिटेशनच्या (गंधकाच्या धुराने रस शुद्ध करणाऱ्या) कारखान्यात बॉडीच्या खवल्यात कॅल्शियम सल्फाइट असतं. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. आम्लाच्या वर्गीकरणात हे कुठेच येणार नाही. ते एसडीएसच्या विभाग १० मध्ये हाताने लिहायचं असतं, आणि बॉडीच्या मॅनहोलशेजारी मराठी-हिंदीत लावायचं असतं.